बेट निवडण्याआधी

अंगणवाडी, बौद्धवाडी,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

अमरदीपच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे सुखरूप आहेत, हे वेगळं कळवायला नको, कारण तुम्ही घरीच आहात. मी अंगणवाडीत बसून लिहितेय. पोरं खिचडी खाऊन गेली, मदतनीस मागे भांडी घासतेय, आणि तुम्ही आत्ता परसातल्या नळाची तोटी सोडवत बसला असाल. सकाळी ती गळत नव्हती. पण मुंबईच्या पाणीखात्यात छत्तीस वर्षं चाव्या फिरवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, हे दोन वर्षांत मला कळलंय.

पोस्टमन निलेश उद्या-परवा हे पाकीट तुमच्या हातात देईल. एकाच घरातून एकाच घरात पत्र, म्हणून तो हसेल. हसू दे त्याला.

विषय बेटाचा आहे. अमरदीप आणि स्नेहल आपल्या दोघांना सहलीला पाठवतायत, तिला रविवारपर्यंत बेटाचं नाव सांगायचंय. तीन आठवडे पोर विचारतेय. तुम्ही म्हणता, "तिला इचार," आणि मी म्हणते, "त्यांना विचार." आपल्या सुनेला वाटत असेल, सासू-सासरे एकमेकांना किती जपतात! अमरदीप मात्र ओळखून आहे. परवा फोनवर म्हणाला, "आई, तुम्हाला जायचंय की नाही तेवढं सांग." मी म्हटलं, दळण आणायचंय, आणि फोन ठेवला. दळण सकाळीच आणलं होतं.

तर आधी बेटांबद्दल लिहिते. स्नेहलनं मोबाइलवर चार दाखवली. मालदीवला पाण्यात खांब रोवून खोल्या बांधल्यात, खालची जमीन काचेची. पलंगावर पाकळ्यांचा बदाम काढून ठेवतात. ते चित्र आलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात आणि मी उठून चहा टाकला, तोही दुसऱ्यांदा. श्रीलंका मला आवडली असती, बोधिवृक्षाचं दर्शन झालं असतं. पण नुसतं नाव काढलं तर शेजारची चिमाकाकू म्हणाली, "मी पन येतंव गो, विहारातल्या बायका पन येतील." म्हणजे सहल राहिली बाजूला, एस.टी. भरून धम्मयात्रा निघाली. मग उरलं अंदमान आणि लक्षद्वीप. मी स्नेहलला सांगितलं, अंदमान बरं. बघायला पुष्कळ आहे, रोज इथून तिथे फिरवतात, माणूस दमून झोपतो. लक्षद्वीपचं ते बेट इवलंसं, तासाभरात चालून संपतं, पुढे करायचं काय?

हे मी तिला सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. मला समुद्राची भीती वाटत नाही, विमानाचीही नाही. सात दिवस तुमच्याबरोबर एका खोलीत राहायची भीती वाटते.

वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यात खोट काही नाही. पण लग्नाला सदतीस वर्षं झाली, आणि त्यातली पस्तीस तुम्ही मुंबईत आणि मी इथे. मे महिन्यात यायचात, शिमग्याला दोन-चार दिवस, कुणाचं लग्न किंवा मयत असलं की रात्रीच्या गाडीनं येऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत. पाहुण्यासारखं जेवायला वाढायची मी तुम्हाला. आता तुम्ही कायमचे आलात. माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेत, पहाटे चारला उठून पाणी सोडता, आणि मी चहात साखर जास्त घालते हे तुम्हाला आत्ता या वयात कळलं. आपण भांडत नाही. भांडायला ओळख लागते, असं मला वाटतं. दोघं मिळून समुद्र आपण एकदाच पाहिला, आंजर्ल्याला, माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. वाळूत माझ्या चपला तुम्ही हातात धरल्या होत्या, आणि समोरून वऱ्हाडातली माणसं आली तशा टाकून दिल्या. एक चप्पल लाटेनं नेली. आठवतंय का तुम्हाला?

पण मी हे पत्र चपलेसाठी लिहीत नाही.

गेल्या रविवारी स्नेहल फोनवर म्हणाली, "बाबा, आईंना तुम्ही कधीच कुठे नेलं नाहीत?" सहज म्हणाली ती. तुमचा चेहरा उतरला. "आबान् तिला कदी मुंबय बगू दिलान् नाय, बेट काय घेऊन बसलीस," असं बोलून तुम्ही उठून गेलात. त्या दिवशी जेवलाही नाहीत नीट. आबांचा, सख्ख्या बापाचा फोटो तुम्ही रंगकाम निघालं म्हणून उतरवलात, रंग होऊन दीड वर्ष झालं, फोटो अजून कपाटामागे आहे. भिंतीवर नुसता खिळा आहे. मी रोज त्या खिळ्याखालून जाते.

आबांचा त्यात काही दोष नव्हता. दोष माझा आहे. ते सांगितल्याशिवाय मी तुमच्याबरोबर कुठल्याच बेटावर येऊ शकत नाही, आणि ऐकल्यावर तुम्ही मला न्याल का, ते मला माहीत नाही.

तुम्ही पत्र आबांच्या नावानं पाठवायचात. बायकोला वेगळं पत्र धाडायची तेव्हा आपल्या वाडीत रीत नव्हती. आबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचायची मी. ते ओटीवर बाकावर बसायचे, मी उंबऱ्याच्या आत. "वाच गो," म्हणायचे. शेवटी तुमची एक ओळ असायची, "घरातल्यांना सांगणे की काळजी करू नये." ती घरातली म्हणजे मी. मोठ्यानं वाचायची मीच आणि मान डोलवायचीही मीच. उत्तरही माझ्याच हातचं. "चि. हरिश्चंद्र यास अनेक आशीर्वाद." नवऱ्याला अकरा वर्षं आशीर्वाद देणारी बायको अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. "सूनबाईची प्रकृती उत्तम आहे," हे मी अंगात ताप असतानासुद्धा लिहिलंय.

१९९३ चा ऑक्टोबर. त्या जूनमध्ये मला अंगणवाडीची नेमणूक मिळाली होती. अमरदीप तीन वर्षांचा होता. तुमचं इनलँड आलं. तुम्ही लिहिलं होतं: भांडुपला खोली मिळत आहे, नळ दारात आहे. हिला आणि बाळाला दिवाळीनंतर पाठवून द्यावे असे मनात आहे. आपल्या मनात नसेल तर पत्रात त्याविषयी काही लिहू नये, मी समजेन.

मी ते वाचलं नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचलं, आबांना वाचून दाखवलं नाही. "इकडे पाऊस थांबला आहे" इथून थेट "वाडीतल्या सुहासला आमच्या खात्यात लावून घेतले" इथे उडी मारली. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा, अजून नवल वाटतं.

आबा म्हणाले, "झाला?"

म्हटलं, "झाला."

"आजून काय लिवलान् नाय?"

"नाय."

 मग म्हणाले, "ह्या पोराला बायकापोरांची कदी आटवन कशी येत नाय गो?"

मी कणकेत पाणी घालायला आत गेले. दुसऱ्या दिवशी आबांनी सांगितलं तसं उत्तर लिहिलं: भात कापून झालं, गाय व्याली, सगळे खुशाल. खोलीबद्दल एक शब्द नाही. तुम्ही सांगितलं होतं तसं तुम्ही समजलात. मे महिन्यात आलात तेव्हा बापाशी धड बोलला नाहीत. आबांना वाटलं, पोरगा मुंबईला गेला आणि परका झाला. तुम्हाला वाटलं, बापानं सुनेला राबायला ठेवून घेतलं. दोघांच्या मध्ये मी, दोघांनाही जेवायला वाढत होते. २००४ ला आबा गेले तेव्हा तुम्ही रडला नाहीत, सगळ्या वाडीनं ते पाहिलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. तुम्ही मला टाकाल याची भीती नव्हती. तुम्ही माझ्याकडे बघाल, त्या बघण्याची भीती होती.

मी का केलं, तेही लिहिते. म्हाताऱ्या सासऱ्याची सेवा वगैरे नव्हतं हो मनात, तसं मी लोकांना सांगत आले. मला जायचं नव्हतं. सातवी पास झालेली बाई मी, आयुष्यात पहिल्यांदा लोक मला बाई म्हणायला लागले होते. वरच्या वाडीतल्या ज्या घरांत आपल्याला पाणी वरून ओतून द्यायचे, त्या घरांतली पोरं माझ्या मांडीवर बसून अक्षरं गिरवत होती. ते सोडून मी भांडुपच्या खोलीत नळाच्या वेळा बघत बसले नसते. हे तुम्हाला सरळ लिहिलं असतं तर तुम्ही कदाचित ऐकलंही असतं. पण लिहिणार कशी? माझ्या हातात पेन होतं ते आबांचं.

अंगणवाडीत राहिले याचा मला पस्तावा नाही. फसवून राहिले, आणि आळ आबांवर जाऊ दिला, याचा आहे. तुमचा तरुणपणा गावकीच्या खोलीत बारा माणसांत गेला. अमरदीप पहिल्यांदा शाळेत गेला ते तुम्हाला तिसऱ्याच्या तोंडून कळलं. हे मी घेतलंय तुमच्याकडून, आणि परत कसं देतात ते मला ठाऊक नाही.

आणखी एक विचारायचंय. मे महिन्यात तुमची पेटी उन्हात टाकली, तेव्हा तळाशी आबांची सगळी पत्रं सापडली, सुतळीनं बांधलेली. आबांवर एवढा राग, फोटोसुद्धा नको, मग त्यांची पत्रं इतकी वर्षं का जपलीत? मी ती तशीच परत ठेवली. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आता बेटाचं. अंदमान मी एवढ्यासाठी म्हणत होते, की दिवसभर माणसं भोवती राहतील आणि बोलायची वेळ येणार नाही. आता जे बोलायचं ते लिहून झालं. तुम्ही म्हणाल ते बेट, आणि नको म्हणाल तर नको. एवढी एकच विनंती, गप्प राहू नका. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावणार नाही. एकदा तसा लावायला सांगितला होतात, त्यात सगळ्यांचंच नुकसान झालं.

उत्तर तोंडी जमत नसेल तर लिहून द्या. फक्त माझ्या नावानं लिहा.

या वेळी आशीर्वाद देत नाही. माफी मागते.

तुमची,
नंदा


शनिवार, १५ नोव्हेंबर

सौ. नंदा हिस,
जयभीम.

पत्र गुरुवारी मिळाले. निलेश हसला. दोन दिवस मी बोललो नाही ते तू पाहिलेस. अर्थ लावू नको, मला लिहायला वेळ लागतो. ऑफिसात फक्त चावीच्या वेळा लिहायचो.

पाकिटावर तुझे नाव घातले आहे, तिकीट लावले नाही. साखरेच्या डब्यात ठेवतो आहे. डबा वरच्या फळीवर आहे, मी हलवला आहे.

काल तू अंगणवाडीत गेलीस, तेव्हा आबांचा फोटो काढून पुसला आणि लावला. खिळा जुनाच चालला. नंतर त्यांच्यासमोर बराच वेळ बसलो. जे २००४ ला व्हायला हवे होते ते काल झाले. चिमाकाकूने बाहेरून विचारले, "काय झाला रे?" सांगितले, सर्दी आहे.

पत्रे आबांची म्हणून ठेवली नव्हती. अक्षर कुणाचे ते मला पहिल्या पत्रापासून माहीत होते. खोलीतली बाकीची माणसे झोपली की मी नुसते अक्षर बघायचो.

चपलेचे आठवते. दुसरी चप्पल मी पिशवीत घालून मुंबईला नेली होती. तिचे पुढे काय झाले ते विसरलो.

मला राग आला आहे. खूप आला आहे. तू मला सांगायला हवे होतेस, आणि मीही आबांच्या आडून न लिहिता तुला विचारायला हवे होते. पण आधी तुझ्यावरचा राग, माझ्यावरचा मग बघू. इथे आवाज चढवला तर चिमाकाकू ऐकेल आणि उद्या विहारात सगळ्यांना कळेल.

म्हणून आज सकाळी स्नेहलला फोन करून लक्षद्वीप सांगितले. बेट लहान आहे, उठून दळण आणायला जाता येणार नाही. तिथे जायच्या परवान्यासाठी तिने नावे मागितली. दोघांची दिली. सात दिवस आहेत. तेवढ्यात माझे बोलून होईल की नाही ते सांगता येत नाही, पण ऐकायला तू पाहिजेस.

तुझा,
हरिश्चंद्र