गोळीबरोबर बांगडा

नेरूळ,
रविवार, जेवणानंतर

आदरणीय बाजीरावदादा यांस,
पोपटचा सप्रेम जय भीम.

आपली, वहिनींची आणि आपल्या सकाळच्या फेरीची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. (फेरीची वेगळी चौकशी अशासाठी, की ती चुकली तर आपण दिवसभर कुणाशी बोलत नाही, असं वहिनींकडून कळतं.) माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य गेले कित्येक महिने मला लिहिता येत नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा लिहून घेतो : माझी तब्येत उत्तम आहे. खरं तर फोनच केला असता, पण आपल्याशी होणारा फोन स्पीकरवर ठेवायचा असा आमच्या घरचा नियम आहे, आणि मला जे सांगायचंय ते आपल्या बहिणीने, म्हणजे आमच्या राजश्रीने, ऐकण्याजोगं नाही. म्हणून हे पत्र. (ती आत भांडी लावते आहे. मी पेन्शनसाठी हयातीचा अर्ज भरतोय असं तिला सांगितलंय, आणि एका परीने ते खोटंही नाही.)

माझ्या उजव्या फुप्फुसात बुरशी निघाली हे आपल्याला माहीतच आहे. बुरशी लोणच्याला येते, पावसाळ्यात चपलांना येते, हे मी पाहिलं होतं. ती माणसाला आतून येते हे मला नवीनच होतं. तरुणपणी टीबी होऊन गेला, त्याने छातीत एक रिकामी खोली ठेवली होती, तिच्यात ही बाई न विचारता राहायला आली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, की रोज भरपेट जेवणाबरोबर घ्या. रक्तात औषध पुरेसं चढलं तर बुरशी हटेल. नाही चढलं तर ॲडमिट होऊन सलाइनमधून औषध, आणि त्यानेही भागलं नाही तर फुप्फुसाचा तेवढा तुकडा कापायचा. तुकडा म्हटल्यावर मला पहिली आठवली ती विहारातली रविवारची वंदना. आपण आला होतात तेव्हा ऐकलीच आहे, मी पुढे म्हणतो आणि सगळे मागून म्हणतात. अर्ध्या श्वासाने म्हटलेल्या वंदनेच्या मागून कोण म्हणणार? मी घाबरलो होतो, दादा. घरात कुणाला दाखवलं नाही, चेष्टामस्करी चालूच ठेवली, पण आतून पार घाबरलो होतो.

तर रक्त तपासलं, आणि रक्तात औषध जवळजवळ नाहीच असं निघालं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, गोळ्या घेता ना? एवढं विचारलं आणि राजश्रीने माझ्याकडे जे पाहिलं, त्या नजरेने खरं तर बुरशी तिथेच मरायला हवी होती. ब्लड प्रेशरची एक गोळी माझ्या शर्टाच्या खिशात कधीकाळी धुऊन निघाली होती, तेवढ्या पुराव्यावर घरी आल्या आल्या झडती सुरू झाली. गादी उचलली गेली, बाल्कनीतल्या मनीप्लांटची कुंडी मुळासकट उपसली गेली, माझ्या जुन्या ऑफिसबॅगेचं अस्तर उसवलं गेलं. गोळी एकही सापडली नाही. (टीव्हीच्या रिमोटचं हरवलेलं झाकण सापडलं, पण त्याचं श्रेय मला मिळालं नाही.) सौरभने बापाची बाजू घ्यावी की नाही? तो म्हणाला, पप्पा फ्लश करत असतील. पोटच्या मुलाने असं म्हटल्यावर माणसाने बघायचं कुणाकडे?

दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा डबा कपाटात कुलूपबंद झाला. जेवण झालं की राजश्री स्वतःच्या हाताने गोळी माझ्या जिभेवर ठेवणार, मी पाणी पिणार, मग पुन्हा आ करायचा, जीभ वर, जीभ खाली, आणि ती मोबाइलच्या टॉर्चने आत बघणार. (मोठी गोळी गिळताना मला डोळे गच्च मिटून मान मागे टाकावी लागते, त्यामुळे हा सोहळा मी स्वतः कधी पाहिला नाही. शेजारच्या सत्यभामाबाईंनी मात्र एकदा दारातून पाहिला, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी हळू आवाजात बोलतात.) इतकं करून पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा तिथल्या तिथे. मी निर्दोष सुटलो, पण सुटून उपयोग काय? गोळी पोटात जाते आणि रक्तात येत नाही, मग जाते कुठे, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ते ॲडमिट व्हायची भाषा बोलायला लागले, आणि राजश्रीने आ करायला लावणं सोडून दिलं. तेव्हा मला तो टॉर्चसुद्धा हवाहवासा वाटायला लागला.

आता आपला विषय येतो. रागावू नये. आपल्या बायपासनंतर आपण तेलमुक्त आहार सुरू केलात, त्याचा आपल्याला गुण आला, आम्हाला आनंदच झाला. पण त्यानंतर आपण बहिणीला रोज सकाळी जे व्हॉइस मेसेज पाठवता, त्यांनी आमचं स्वयंपाकघर पार बदलून टाकलं. ती डॉक्टरांचं ऐकेल न ऐकेल, दादाचं मात्र अक्षर खाली पडू देत नाही. मी आजारी पडल्यावर तर तिने कंबरच कसली. उकडलेला दुधी, बिनफोडणीची डाळ, कोरडी भाकरी, ताक तेही लोणी काढलेलं. मासळी तर बंदच. जेवण भरपेट होतं, त्याबद्दल तक्रार नाही, दुधी हवा तेवढा मिळे. डॉक्टर विचारायचे, जेवणाबरोबर घेता ना? आम्ही दोघं एका सुरात हो म्हणायचो. ते जेवण कसलं असतं हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

हे कोडं उलगडलं आमच्या संघमित्राने. माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी. नावड्याला राहते आणि तळोज्याच्या एका औषध कंपनीत संशोधनाचं काम करते. काय संशोधन करतेस असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, काका, जी औषधं पाण्यात विरघळत नाहीत ती विरघळवायची. म्हणजे दिवसभर काचेच्या भांड्यात अंगाएवढं कोमट पाणी, त्यात पांढरी पावडर, आत ढवळायचा पंखा फिरतोय आणि ही बघत बसलीय. एवढं शिकून ढवळायची नोकरी लागली म्हणून मला तेव्हा वाईट वाटलं होतं. ते मी बिनशर्त मागे घेतो. ती एका रविवारी जेवायला आली, ताटात दुधी बघितला, माझ्या गोळीचं नाव विचारलं आणि हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "काकी, काका ही गोळी याच्यासोबत घेतात?"

मग तिने दोन वाट्या मागितल्या. एकीत पाणी, एकीत गरम केलेलं तेल. (तेलाची बाटली दाराच्या बिजागऱ्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवली होती, ती उतरवावी लागली.) दोन्हींत चिमूट चिमूट हळद. पाण्यातली हळद आधी तरंगली, मग तळाशी जाऊन रुसून बसली. तेल मात्र बघता बघता पिवळंधमक झालं. "गोळी या हळदीसारखी आहे. पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय आतड्यातून रक्तात जात नाही. पोटात तेलतूप आलं की पित्त सुटतं, त्यात ती मिसळते. नायतर आली तशी निघून जाते," ती म्हणाली. यावर इलाज म्हणून त्यांच्याकडे पावडर अगदी डोळ्यांना न दिसेल इतकी बारीक करतात, किंवा औषध तेलात मिसळून कॅप्सूलमध्ये भरतात, नाहीतर दुसऱ्या एका पदार्थाबरोबर विरघळवून असं झटकन सुकवतात की त्याचे खडे व्हायला वेळच मिळत नाही. पोटात गेलं की ते मग मुकाट्याने विरघळतं. मी वाट्यांकडे बघत होतो. गेले काही महिने मी ती महागामोलाची गोळी गिळून नेरूळच्या गटाराला औषध पाजत होतो तर. राजश्रीने सगळं ऐकलं आणि विचारलं, दादाला चालेल का?

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना दुधीपासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मला बाहेर वजन करायला पिटाळलं. काटा पुष्कळ खाली आला होता. आत दोघं बराच वेळ बोलत होते. राजश्री बाहेर आली ती एक कागद पर्समध्ये घालत. मी हसत म्हटलं, आता या पँटीत आपण दोघं मावू. तरी ती हसली नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, गोळीबरोबर तळलेला बांगडा पाहिजे. आणि रिक्षा थेट मासळी बाजारात. तिथे बोनकोड्याची दमयंती बसते, आमची जुनी मासेवाली. ती राजश्रीला बघून म्हणाली, "काय गो ताई, मना वाटला तुमी रूम सोरून गेलाव. बांगडा ताजा हाय, न्या." राजश्री म्हणाली, औषधाला पाहिजे. दमयंती म्हणाली, "सगलेच औषधाला नेतान."

तेव्हापासून, दादा, मी राजश्रीच्या हातून औषध वेळेवर घेतो आहे. घड्याळाकडे मीच बघत बसतो. एक दिवस बांगडा, एक दिवस मांदेली, कधी अंड्याची पोळी, आणि डाळीला चक्क लसणाची फोडणी. फोडणीचा वास पहिल्यांदा घरात आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं आहे असं मी सांगितलं. परवा रक्त तपासलं. औषध पुरेपूर चढलंय. छातीच्या फोटोत बुरशीचा डाग आक्रसलाय. ॲडमिट नाही, सलाइन नाही, तुकडा नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. आज सकाळी विहारात सबंध वंदना म्हटली, न खोकता, आणि सगळे मागून म्हणत होते. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो कसा उतरतो ते मला आज कळलं.

वहिनींना जय भीम सांगावा, मुलांना आशीर्वाद. आपण आपल्या दुधीवर शंभर वर्षं जगावं आणि मी बांगड्यावर जमतील तितकी, एवढं मागून थांबतो.

आपला,
पोपट

ता. क. : लिहायचं मुख्य काम राहिलंच. संघमित्रा काल फोनवर मोठ्या आनंदाने म्हणाली, की माझ्याच औषधाची सुधारलेली गोळी आता मिळते. ती कशाहीबरोबर विरघळते, तेलतूप लागतच नाही. मी तिचं अभिनंदन केलं आणि राजश्री ऐकत नाही ना, हे आधी दारातून डोकावून पाहिलं. ही बातमी आपल्या बहिणीच्या कानावर गेली तर दुधी परत येणार. तरी आपण आरोग्याचे मेसेज पाठवताना गोळ्यांच्या विषयाला कृपा करून हात लावू नये. विज्ञानाच्या प्रगतीला माझा विरोध नाही, तिने फक्त नेरूळला जरा सावकाश यावं.

ता. क. दुसरा : शिवाय, तेलमुक्त आहारात मासळीच्या अंगचं तेल धरत नाहीत, असा एखादा मेसेज आपल्या आवाजात पाठवता आला तर उपकार होतील. शास्त्रीय आधार नसला तरी चालेल, आपला आवाज पुरेसा आहे.

दादा, मी राजश्री. हयातीच्या अर्जाचं पाकीट चिकटवायला हे माझ्याकडेच भाताची शितं मागायला आले, म्हणून वाचलं. सुधारलेली गोळी आमच्याकडे कधीच आली आहे. ते वजन करायला गेले तेव्हाच डॉक्टरांनी ती लिहून दिली, आणि ते डोळे मिटून तीच गिळताहेत. डॉक्टर म्हणाले होते, हिच्याबरोबर काहीही चालेल, दुधीसुद्धा चालेल. गोळी बदलली म्हणून सांगितलं असतं तर दुखणं वाढलं असं वाटून ते आणखी घाबरले असते. मला कळत नाही असं त्यांना वाटतं, पण माणूस रात्री शेजारी जागा पडलेला असला की कळतं. मग ते काट्यावरून उतरून पँटीचं काहीतरी बोलले आणि मी रिक्षा बाजाराकडे घ्यायला सांगितली. बांगडा डॉक्टरांनी सांगितला नव्हता रे, तो मीच सांगितला. त्यांना कळवू नकोस. तुझ्या मेसेजांवर रागावले नाही मी, पण आता थोडे दिवस पाठवू नकोस. आणि पाकीट उघडं मिळालं तर समजून घे. आज फोडणीचा भात केलाय, त्याची शितं काही चिकटत नाहीत.