खांदे असलेली बाटली

मी, ओदिल ग्राँव्हो, वय एक्क्याऐंशी, राहणार शातो-शालों, धंदा द्राक्षमळा, हे मृत्युपत्र नोटरी मोरेल यांना सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे, फक्त गुडघे गेलेत. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा माणूस अजून जन्मायचाय. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

एक. माझे पती वारले. एकुलता एक मुलगा एत्येन अकरा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून गेला. त्याला मूलबाळ नाही. तेव्हा माझी मिळकत मी मला वाटेल त्याला देऊ शकते, असं नोटरीसाहेब सांगतात. हे आवर्जून लिहवून घेते, कारण दिरांचा मुलगा फाब्रिस गावभर सांगत फिरतोय की म्हातारी गेली की सुनेला सामान बांधावं लागणार.

दोन. सदर फाब्रिस रांसला शॅम्पेन विकतो. त्याला मी कपाटातली शॅम्पेनची जुनी बाटली देते, रिकामी. पूर्वी त्यांच्या तळघरांत बाटल्या फटाफट फुटायच्या, म्हणून काच जाड केली आणि तळ आत ढकलला, आतला जोर सोसावा म्हणून. तोंड उघडण्याआधी फाब्रिसनेही थोडं सोसायला शिकावं.

तीन. खिडकीतली बुटकी बाटली माझ्या आजोबांनी जंगलातल्या भट्टीवर स्वतः फुंकलेली आहे. जरा कलती, पण खांदे रुंद. आमच्या गावची पिवळी वाइन एक लिटर पिंपात सहा वर्षं ठेवली की जेवढी उरते तेवढी हिच्यात मावते, असं आमच्याकडे सांगतात. सगळ्या युरोपात बाटल्यांची मापं एकसारखी करायचं निघालं, तेव्हा आमच्या लोकांनी भांडून हिचं माप राखलं. ही बाटली माझी सून सोलांज हिला.

चार. घर, मळा, तळघर आणि त्यातली सगळी पिंपंही सोलांजलाच. कारण सांगते. नोटरीसाहेब, हेही लिहा.

सोलांज बर्गंडीची. तिकडच्या बाटलीला खांदे नसतात; मानेपासून उतार तो थेट पोटापर्यंत. काच फुंकणाऱ्याला तसा आकार सोपा जायचा म्हणतात. लग्नाच्या जेवणात मी सगळ्यांदेखत म्हटलं, "एत्येन, बिनखांद्याची आणलीस रे!" पोरगी लाजली नाही की रुसली नाही. "आई, खांदे बाटलीला बघायचे की माणसाला?" म्हणाली आणि अजून कोंबडी वाढून घेतली. मला ती तेव्हाच आवडली. पण बोलून दाखवलं नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तर एत्येन गेला. तिने माहेरी जायचं ठरवलं, बॅगसुद्धा भरली. तेवढ्यात मी पडले, मांडीचं हाड मोडलं. मी दवाखान्यात आणि तळघर तिच्यावर. तिच्या माहेरी पिंपात जागा रिकामी राहिली तर ती घरची लाज. सतत काठोकाठ भरत राहायचं. आमच्याकडे बरोबर उलटं. वाइन आटू द्यायची, वर यीस्टची साय धरू द्यायची, तिच्यानेच पिवळ्या वाइनला चव येते, आणि त्या सायीला हात लावायचा नाही. सोलांजने मला बरं वाटावं म्हणून एत्येनने जाण्याआधी लावलेली तिन्ही पिंपं काठोकाठ भरली.

मी काठी टेकत खाली उतरले आणि किंचाळलेच. "अगं बाई, काय करून बसलीस हे!"

"भरून ठेवली, आई. किती रिकामी झाली होती."

"अगं, रिकामीच ठेवायची असतात! साय बुडवलीस तू, एत्येनची!"

ती पिंपाला टेकून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "पुन्हा धरेल का?"

"या वाइनवर नाही. नव्याने सुरुवात करायची. सहा वर्षं."

"मग सहा वर्षं थांबते मी."

फाब्रिसचा फोन आला. "काकू, हाकला तिला, वाटोळं करेल." मी फोन ठेवून दिला. वर गेले तर ती बॅगेतले कपडे कपाटात लावत होती.

सहा वर्षांनी तिची पहिली बाटली अक्रोड आणि कोंते चीजबरोबर उघडली. मी एक घोट घेतला आणि एत्येनच्या हातची आठवली. ती म्हणाली, "आई, फिटलं ना?" मला वाटलं, आता ही जाणार. तरी म्हटलं, "फिटलं. जा तू." ती म्हणाली, "जा काय? काठी घ्या. पुढची पिंपं बघायचीत." ती चूक झाली नसती तर सोलांज त्याच आठवड्यात गेली असती. त्या चुकीचे माझ्यावर फार उपकार आहेत. सोलांजचे तर बोलायलाच नको.

तिने मळा ठेवावा किंवा विकावा. पुन्हा लग्न करावं, बर्गंडीच्या माणसाशीसुद्धा. फक्त त्याला तळघरात एकटं सोडू नये.

पाच. आमच्याकडे शवपेटी घरचे पुरुष उचलतात. माझ्या पेटीला पुढचा उजवा खांदा सोलांजने द्यावा. फाब्रिस कुरकुर करेल, त्याला मागे ठेवा. लग्नाच्या जेवणात जे बोलले ते मी आज साक्षीदारांसमोर परत घेते. लिहा, नोटरीसाहेब, ठळक लिहा: खांदे आहेत तिला.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

सही: ओदिल ग्राँव्हो
साक्षीदार: मार्सेलिन ब्युफे, पाववाली, ओग्युस्त पेरो, पिंपं बांधणारा
नोटरी: मोरेल
शातो-शालों, दि. ३ फेब्रुवारी २००८