खुशाली नंतर

प्रिय जुवैना,

तुझ्या त्या कॅमेऱ्याने माझा जीव खाल्ला आहे. "आई गेल्यापासून भिंतीकडे बघत बसता, निदान डोंगराकडे तरी बघा," म्हणून तू मला या निसर्गछायाचित्रणाच्या शिबिरात ढकललंस. त्याच्या तिपाईचे पाय उघडले की मिटत नाहीत, मिटले की उघडत नाहीत. शिकवणाऱ्या रय्याबाई वयाने तुझ्याहून लहान, पण धाक हेडमास्तरांचा!

मला फोटो एकच हवा होता. जबल अख्दर डोंगरावरचा तुझ्या आईच्या माहेरचा उतार, जिथे ती लहानपणी गुलाब खुडायची. उन्हाची पहिली तिरीप तिथे जरा टेकते आणि निघते. शाळेतल्या कवितांत पहाट कशी सावकाश, ओढणी सावरत यायची! ही खरी पहाट कॉफीलाही थांबत नाही.

पहिल्या सकाळी तिपाईला माझाच धक्का लागून अख्खा डोंगर हलला. दुसऱ्या सकाळी सगळं जुळून आलं, तर मागून तिथलाच हमूद शेतकरी हजर. सलाम झाला, मग तब्येत, मुलं, शेळ्या. "काय खबर?" "खबर नाही, सगळं खुशाल." मग तेच सगळं विचारायची माझी पाळी. आपली ओमानी रीत, मध्येच तोडायची कशी? वळून बघतो तो उतारभर रखरखीत ऊन. रय्याबाई म्हणाल्या, "काका, आता डोंगराचीही खुशाली विचारून घ्या. तो थांबलाय, ऊन गेलं." सगळी मंडळी हसली. मी तिपाई गाडीत टाकली. पण तुझ्या आईने मला असं अर्ध्यातून पळू दिलं नसतं.

काल शेवटची सकाळ. तिरीप टेकतेय आणि मागून तोच आवाज, "काय खबर?" मी वळलोच नाही. "थांब हमूद! खुशाली नंतर!" उभ्या जन्मात इतका उद्धट झालो नव्हतो. आणि कॅमेऱ्याची कळ दाबली. हमूद दगडावर टेकला आणि म्हणाला, "झालं का? आता विचार. शेळी व्यालीय माझी." रय्याबाई फोटोकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, पुढच्या शिबिरात हा दाखवू?" मी म्हटलं, दाखवा की!

फोटो सोबत आहे, पण पत्र त्यासाठी नाही. दर शुक्रवारी तू फोनवर "काय खबर?" विचारतेस, मी रीतीप्रमाणे "सगळं खुशाल" म्हणतो, मग तुझी मुलं, तुझी नोकरी, आणि फोन संपतो. तर थांब, खुशाली नंतर. खबर आहे. घर खायला उठतं. सकाळी मी कविता म्हणत बसतो आणि "पुरे हो आता" म्हणणारं कुणी नाही. गुलाब संपायच्या आत ये.

तुझाच,
वैतागलेला बाबा