जहाजावरच्या टेपा आणि माझे दीर

मी, सरोजिनी प्रकाश रामटेके, मूळची नागपूरची, आता सिंगापूरची नागरिक, राहणार क्वीन्सटाउन, जहाजांना किराणा पुरवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेली अकाउंटंट, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या दिरांना शिक्का बघितल्याशिवाय काही खरं वाटत नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. क्वीन्सटाउनचा फ्लॅट माझी मुलगी एकता हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. सीपीएफचं, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचं, नॉमिनेशन वेगळं केलं आहे, ते इथे येत नाही. फ्लॅट खुशाल विकावा, पण तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आधी टॅम्पिनीसला तिच्या घरी न्यावा, मग एजंटला दार उघडावं.

२. शिवणयंत्र आणि मोठा प्रेशर कुकर शेजारच्या नीताला. तिलाच साक्षीदार करणार होते, पण वकीलबाईंनी थांबवलं. इथल्या कायद्याने, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या नावे काही ठेवलं असलं तरी ते रद्द होतं. नीता म्हणाली, "मग सही राहू द्या मावशी, कुकर द्या." शहाणी मुलगी आहे.

३. अमेरिकन संगीताच्या अभ्यासाला अनुदानं आणि पुरस्कार वाटणारी एक संस्था आहे. तिचं नाव लिहून मी कागद खराब करत नाही.

नोकरीत असताना कामासाठी बंदरावर जावं लागे. तिथे एका जहाजावर अलाबामाचा आचारी लेम्युएल बटाटे सोलत चर्चचं गाणं म्हणत होता. तो ओळ टाकायचा, बाकीचे खलाशी ती उचलायचे. मी जागीच थबकले. नागपूरला आमच्या इंदोऱ्यात भीमजयंतीच्या मेळ्यात माझी आई अशीच ओळ टाकायची आणि बाया ती उचलायच्या. त्यानंतर दर सुट्टीला मी टेपरेकॉर्डर घेऊन खलाशांच्या वसतिगृहात जाऊ लागले. माझे यजमान प्रकाश सोबत यायचे, बॅटरी सांभाळायचे.

या कामासाठी मी संस्थेकडे वर्षानुवर्षं अर्ज केले. उत्तर ठरलेलं: संशोधन अमेरिकेत झालेलं नाही. गाणारा अमेरिकेचा, गाणं अमेरिकेचं, ज्या आजीने शिकवलं ती अमेरिकेची. ऐकणारी बाई तेवढी क्वीन्सटाउनची, तिथे या विद्वानांचं घोडं पेंड खात होतं. देणगी मागायला मात्र दर नाताळात क्वीन्सटाउनचा पत्ता बरोबर सापडायचा. एकदा दिली, तर 'अमेरिकन संगीताचे स्नेही' असं छापलेला कप आला. त्याचा कान तुटला आहे. तो कप संस्थेला परत.

४. माझ्या बचतीतून दरवर्षी लेम्युएलच्या नावाने एक अनुदान द्यावं. अर्जदार कुठल्याही देशाचा असो, पदवी असो वा नसो. शिफारसपत्र आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. अट एकच: एक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी आणि काय ऐकलं ते सांगावं. ज्यांना तेवढा दम निघत नाही, त्यांच्यासाठी जगात इतर पुरस्कार भरपूर आहेत.

५. आता टेपा. माझे धाकटे दीर निशिकांत भाऊजी अमेरिकेत अमेरिकन संगीताचे प्राध्यापक आहेत. माझा शेवटचा अर्ज आला तेव्हा संस्थेच्या समितीवर तेच होते. त्यांचा शेरा: 'गायकांना प्रत्यक्ष भेटल्याचा उल्लेख नाही.' पहिलं पान सोडलं तर बाकी सगळा अर्ज त्या भेटींचाच होता. विचारलं, तर माझ्याच टेबलावर सुरमई खात म्हणाले, "वहिनी, ढीगभर अर्ज असतात. पहिल्या पानावरच सगळं कळतं." पुढे एका सुट्टीत त्यांनी माझ्या टेपांच्या कॉप्या केल्या, पुस्तक लिहिलं आणि त्याच संस्थेचा पुरस्कार पटकावला. पुस्तकात लेम्युएलचा सॅम्युएल झाला आणि मी झाले 'सिंगापूरमधील एक नातेवाईक'. मला फार राग आला. अजून आहे.

आता त्यांना मूळ टेपा हव्यात, त्यांच्या विद्यापीठात 'निशिकांत रामटेके संग्रह' अशी पाटी लावायला. एकता इथल्या बोलीत म्हणते, "देऊन टाक ना लाह, आई. हू स्टिल लिसन्स टू टेप?"

ठीक. सगळ्या मूळ टेपा मी निशिकांत भाऊजींना देते. हे देणं कायद्याने टिकलं नाही, तर टेपा एकताच्या ताब्यात राहाव्यात, लेम्युएल अनुदानासाठी, कोणाच्याही नावाची पाटी न लावता.

६. भाऊजी कॉन्फरन्ससाठी इथे आले आहेत आणि साक्षीदार व्हायला आनंदाने तयार आहेत. सही करण्याआधी हे सगळे कागद मी त्यांच्यापुढे ठेवीन. शेजारी चष्मा ठेवीन आणि स्वच्छ शब्दांत म्हणेन, "भाऊजी, वाचा." त्यांनी वाचलं तर ते सही करणार नाहीत, टेपा त्यांच्या होतील आणि मी हरल्याचं कबूल करीन. मग त्यांच्याऐवजी खालच्या मजल्यावरच्या प्रबोध यांच्या, म्हणजे माझ्या दुसऱ्या साक्षीदाराच्या, पत्नीला वर बोलावता येईल. त्यांना सांगून ठेवलं आहे. एका विद्वानाने आयुष्यात एकदा माझं लिहिलेलं पान उलटावं, एवढीच अपेक्षा आहे.

ठिकाण: क्वीन्सटाउन, सिंगापूर
दिनांक: १६ डिसेंबर २००७

(सही) सरोजिनी प्रकाश रामटेके

वरील मजकूर वाचून, मृत्युपत्र करणारीच्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या:

साक्षीदार १: (सही) प्रबोध वासनिक, खालच्या मजल्यावरचे रहिवासी

साक्षीदार २: (सही) डॉ. निशिकांत रामटेके, प्राध्यापक, अमेरिकन संगीत