गावाचं तोंड

२ जानेवारी
पोचले एकदाची! वर्ध्याहून आर्वीची एसटी, रोहण्याला उतरून तासभर रिक्षाची वाट, रिक्षात मांडीवर माझी बॅग आणि पायाशी कुणाची तरी वांग्यांची पिशवी, आणि सगळ्यात शेवटी तानबांची नाव. धरणाच्या पाण्यात निंबधरा नावाचं गाव गेलं, गावाची टेकडी तेवढी वर राहिली. तिच्यावर नऊ घरं. चहूकडे निळंशार पाणी, पाण्यावर परदेशी बदकांचे थवे, आणि थंडी अशी की बोलताना दात वाजतात.

पुण्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. बावन्नाव्या वर्षी हे कसलं खूळ, म्हणे. पण विदर्भातल्या हिवाळी जेवणावर पुस्तक लिहायचं आणि पाककृती फोनवर विचारायच्या, हा लबाडपणा मला जमत नाही. जीभ तिथं न्यावीच लागते. भोगीला गुंजन येईल, तोवर तिची परीक्षा आटोपते. संक्रांत झाली की मायलेकी मिळून परत.

मी नावाडी तानबांच्याच घरी उतरलेय. त्यांची बायको सुलोचनाबाई सत्तरीची, बोलायला माझ्याइतकीच फटकळ. आमचं जमणार. संध्याकाळी जेवणाला नऊही घरची माणसं ओसरीत जमली. मला एकटीलाच पाट मांडला. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याचं भरीत, तुरीच्या हिरव्या सोल्यांची आमटी, मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची आंबील. रोडगा फोडून त्यावर तुपाची धार सोडली तेव्हा मी सगळी लाज सोडली. आमच्या आईची शिस्त होती, पानात टाकायचं नाही. शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं आणि तो गिळला.

ओसरीतली माणसं माझ्या ताटाकडे वाकून बघायला लागली. मग सुलोचनाबाईंनी मला कुंकू लावलं. एक बाई तर चक्क रडायला लागली. मी इतकी छान जेवते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

३ जानेवारी
सकाळी घाटावर एक हाडकुळा माणूस पेरू खात होता. एकामागून एक, बिया गालावर चिकटलेल्या, हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तानबांनी सांगितलं की हा आदेश, पक्षी मोजायला आला होता. मागच्या हिवाळ्यात! मी थट्टेनं म्हटलं, एवढं आवडलं का इथलं? तर तानबा म्हणाले, त्याले जाता येत नव्हतं, आता येते. तो माझ्या पाया पडला. मान वर केली नाही. मग नावेत बसून निघून गेला.

दुपारी पंगत पाहिली आणि जेवणावरची वासना उडाली. जेवण संपत आलं की प्रत्येकजण शेवटचा घास तोंडात घेतो, चावतो, चावतच उठतो आणि कोपऱ्यातल्या काळ्या मडक्यात थुंकतो. म्हातारे, बाया, सगळे. लाळेच्या तारा हनुवटीवरून लोंबतात, त्या पदरानं पुसतात आणि पुन्हा गप्पा सुरू. मडक्यात डोकावले. वर साय धरल्यासारखा पांढरट थर आणि खाली बुडबुडे. मी कोंबड्यांची पोटं साफ केलेली बाई आहे, पण मला उलटी झाली.

सुलोचनाबाईंना विचारलं, हे काय? त्या माझी पाठ चोळत शांतपणे सांगत होत्या की शेत खाली बुडालं, मसणवटा बुडाला, जुनी माणसं तिथंच राहिली. आपन जेवतो अन् गाव उपाशी राह्यते का बाई? शेवटचा घास गावाचा. तो वापस करा लागते.

रीत म्हणून लिहून घेतली. पुस्तकात घालणार नाही. वाचणारा ताटावरून उठेल.

४ जानेवारी
चहात चिखल. खरंच सांगते, धरणाच्या काठावरचा तो काळा, शेवाळलेला, कुजक्या माशांचा गाळ असतो ना, त्याची चव. कप धुऊन दुसरा घेतला, तीच. भाकरी तीच. माझ्या बॅगेतली पुण्याहून आणलेली बाकरवडी, तिचीसुद्धा! दातात कचकच. थुंकले तर थुंकीत काहीच नाही.

सर्दी असेल. सर्दीनं जीभ जाते. पण माझं पोट ज्या जिभेवर चालतं ती अशी गेलेली मला सोसवत नाही.

आणखी एक. आज कुणाच्याच ताटात आंबील नव्हती, तरी दुपारभर आंबिलीसारखा गोड आंबूस वास येत होता. शोधत गेले. तो कोपऱ्यातून येत होता.

५ जानेवारी
दोन दिवस पोटात काही नाही. गिळलं की गाळ वर येतो. हुरडा भाजला, त्याच्या वासानं एरवी मी वेडी होते. आज कोवळे दाणे तोंडात घातले आणि वाटलं, बुडालेल्या जनावराच्या डोळ्यांवर दात रोवलेत.

तो वास मात्र सुटत नाही. शी. मला त्या मडक्याची भूक लागलीय. लिहिताना हात घाण झाल्यासारखा वाटतो.

६ जानेवारी
खाल्लं.

लिहून टाकते, नाहीतर मला वेड लागेल. भर दुपारी, सगळ्यांसमोर. सुलोचनाबाईंनी कलथ्यानं वाढलं, कोमट, चिकट, तार सुटणारं. जिभेवर प्रत्येकाचं तोंड वेगळं लागलं. तानबांची तंबाखू. कुणाची तरी सुपारी. दात नसलेल्या म्हातारीचा नुसता हिरड्यांनी चोळलेला भात. एक केस आला, लांब, पांढरा. तो मी काढला नाही. गिळला. आणि गोड लागलं! आजवरच्या आयुष्यात काही इतकं गोड लागलं नव्हतं. मी कलथा चाटला.

पोट भरल्यावर रडले, किंचाळले. तेव्हा सुलोचनाबाईंनी सगळं सांगितलं. बुडालेल्या गावाला भूक आहे, पण तोंड नाही. जो पाहुणा ताटातला शेवटचा घास गिळतो, तो गावाचा वाटा गिळतो आणि गावाचं तोंड होतो. मग त्याला स्वतःचं अन्न लागत नाही, दुसऱ्यांच्या तोंडातलंच लागतं. दुसरा पाहुणा गिळेपर्यंत. आदेश वर्षभर होता.

मी विचारलं, तुमच्यातलं कुणी का बसत नाही? तर म्हणाल्या, घरच्या मानसाले कोन बसवन? मी ओरडले की निदान मला सांगायचं होतं. त्यावर त्यांचं उत्तर, सांगितलं असतं तं तुम्ही जेवल्या असत्या का?

पुढचा पाहुणा कोण, हे मला त्या क्षणी कळलं. गुंजन. ताट पुसून जेवायला तिला मीच शिकवलंय.

८ जानेवारी
कुणी अडवलं नाही. तानबांनी मुकाट्यानं काठावर सोडलं. माझा फोन बंद पडलाय, टेकडीवर वीज नाही. टपरीवाल्याचा घेतला. गुंजनला सांगायचं एवढंच, येऊ नकोस. तीन शब्दसुद्धा नाहीत.

ती हॅलो म्हणाली. माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, ये गं, जेवायला ये, सगळे वाट पाहून राह्यले. माझा आवाज, पण बोली माझी नव्हती. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा, ये, लवकर येजो. ती खिदळली. आई, तू तर पार वऱ्हाडी झालीस!

टपरीवर केळं घेतलं. गाळ. बिस्कीट घेतलं. गाळ. टपरीवाल्याकडून निरोप धाडावा म्हणून वही काढली, पण बाकड्यावर एक माणूस भजी चावत होता, आणि मी लिहायचं सोडून त्याच्या जबड्याकडे बघत बसले. तो घाबरून उठून गेला. मग मी नावेकडे पळाले. लेकीची चिठ्ठी टाकून मडक्याकडे पळाले. याची किळस मडक्याच्या किळशीहून मोठी आहे.

१० जानेवारी
आता जागा ठरलीय. मडक्याशेजारी. इथून उठता येत नाही. मडक्यात थुंकत नाहीत आता, सरळ वाकतात आणि—

तोंड मिटत नाही. लाळ गळते, ओचा ओला, माशा बसतात. मी हाकलत नाही.

बोलायला गेलं की जेवा, बसा, एवढंच. म्हणून बोलत नाही. हात अजून माझा आहे. लिहिते.

१२ जानेवारी
उद्या येईल.

आज एक गोष्ट मनात आली. तिनं ताट पुसलं तर मी सुटेन. पेरू खाईन. कडक चहा पिईन, आल्याचा. हे मनात आलं, आणि पुरतं मिनिटभर मी ते हाकललं नाही, चघळलं.

नंतर स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. सुलोचनाबाईंनी हात धरले. म्हणाल्या, काऊन मारून राह्यल्या, ते तोंड आता गावाचं आहे.

नाही. उद्या एक दिवस ते माझं हवंय.

१३ जानेवारी, भोगी
नाव आली. तिचा आवाज. माझं बाळ.

मला पाहून दचकली. सुलोचनाबाईंनी सांगितलं, आईनं संक्रांतीपर्यंत मौन धरलंय, ताप आहे, उतरेल. ती हसली. आई आणि मौन! कपाळावर हात ठेवला तिनं. तिच्या बोटांना संत्र्याचा वास. म्हणजे मला वास आला— नाही, तिनं संत्रं चावलं होतं, तोंडाचा वास—

पाट मांडला. तिला एकटीलाच. नऊ घरं ओसरीत.

मोठ्या अक्षरात लिहिलं, ऊठ, पळ. वही वर धरली. सुलोचनाबाई वाढायच्या निमित्तानं मध्ये उभ्या. वही खाली केली की सरकतात, वर केली की पुन्हा मध्ये.

बाजरीची भाकरी. भोगीची लेकुरवाळी भाजी, सगळ्या भाज्या एकत्र. खातेय. भुकेली आहे, रात्रभर प्रवास. वा, म्हणतेय.

अर्धं संपलं.

तिनं माझ्याकडे बघावं म्हणून मडकं ढकललं. फुटलं नाही, पण आवाज झाला. ती ताट घेऊन माझ्याजवळच येऊन बसली. गुणाची पोर. आता पळ लिहून उपयोग नाही, दोनच घास उरलेत, का म्हणून विचारता विचारता ते गिळेल. पानात टाक म्हटलं तर ऐकणार नाही, शिस्त माझीच. लिहिलं, शेवटचा घास गिळू नकोस, चावून माझ्या तोंडात दे.

वाचलं तिनं. शी, आई, म्हणाली. तापात काहीही लिहितेस.

दिलास तर मीच राहीन इथं. राहू दे. मला चालेल. तू जा.

एक घास.

ताट पुसतेय— घेतला— चावतेय

तोंड उघडलंय मी, जितकं उघडतं तितकं, तिच्यासमोर. ती आत बघतेय. तिचा चेहरा बदलला. मागे सरकली. तिला माझी किळस आली, येऊ दे, गुंजन, येऊ दे, त्या किळशीनं तरी थुंक, इथं, माझ्या तोंडात, गिळू नकोस बाळा, लवकर— तिचा गळा हलला—