रांगेतल्या दोन विटा

७ नोव्हेंबर १९८८, हनोई. पहाटे ५
आजपासून रोजनिशी. ठराव एक: राग आवरायचा. ठराव दोन: टेटच्या नववर्षाआधी थुईला लग्नाचं विचारायचं. ठराव तीन: गल्लीतल्या तोआनकडे लक्ष द्यायचं नाही.
रेशनच्या दुकानापुढे माझी वीट सातवी, थुईची आठवी. माणूस घरी झोपलेला, वीट रांगेत उभी, ही आमच्या गल्लीची शिस्त. दोन्ही विटांवर खडूने नावं मीच लिहितो. गेली दोन वर्षं त्या एकमेकींना खेटून आहेत. अजून काय बोलायचं राहिलं?

त्याच दिवशी, दुपारी
ठराव तीन मोडला. तोआनने गल्लीच्या तोंडाशी फोचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, दुकान टाकलंय. स्वतःचं. सरकारच्या नव्या धोरणात खासगी दुकान चालतं म्हणे. हा माणूस कॉलेजची पायरी चढलेला नाही. मी सव्वा वर्ष अर्थशास्त्र केलंय. लेक्चरच्या आणि रांगेच्या वेळा जुळेनात म्हणून सोडलं, नाहीतर आज कुठे असतो.

९ नोव्हेंबर
सरकारी खानावळीतल्या फोला लोक बिनपायलटचा म्हणतात. शेवया आणि गरम पाणी, मांसाचा पत्ता नाही. आई म्हणाली, तोआनच्या वाडग्यात पायलट आहे, को-पायलटही आहे. म्हणजे ही खाऊन आली. घरातच फितुरी.

१६ नोव्हेंबर
थुई रांगेत आली ती ओठ पुसत. दालचिनी आणि भाजलेल्या आल्याचा वास. विचारायचं नाही असं ठरवलं. मग विचारलं. ती म्हणाली, खोआदादा, भूक लागली होती, तुझी परवानगी काढायची होती का? (दादा म्हणजे भाऊ नव्हे, आमच्याकडे नवऱ्यालाही दादाच म्हणतात.) मी म्हणालो, छे, मला काय त्याचं. आणि तिच्या विटेला लाथ घातली. अंगठा सुजलाय. वीट लंगडत जाऊन परत जागेवर ठेवली. ठराव एक उद्यापासून.

२ डिसेंबर
शांतपणे विचार केला. हे नवं धोरण तीन महिने टिकेल. नंतर सगळी खासगी दुकानं बंद, सगळे परत रांगेत. तेव्हा राजा कोण? ज्याच्याकडे रेशनची कुपनं तो. प्लॅन तयार: आत्ताच कुपनं जमवायची. तांदूळ, साखर, मांस, आणि मुख्य म्हणजे कापड. थुईचा लग्नाचा पोशाख माझ्या कुपनांतून शिवला जाईल. तोआनने तेव्हा हाडं उकळत बसावं.

५ डिसेंबर
प्लॅन यशस्वी. चहाच्या टपरीवाल्या ज्याप मावशीकडे बिस्किटाचा डबा भरून कुपनं होती. लोक तिच्याकडे टाकून जातात, वेडे. तिच्या एका ओळखीच्याला सायकल हवी होती. मी माझी देऊन डबा घेतला. सायकल बाबांनी कॉलेजला जायला दिली होती. कॉलेज नाही, तर सायकलचं काम काय? घेणारा कोण ते विचारलं नाही. व्यवहारात फार चौकशी करू नये. मावशीने वर चहा पाजला आणि बराच वेळ हसत होती. आईने विचारलं, सायकल कुठंय? दुरुस्तीला, म्हणालो.

२८ डिसेंबर
सायकल दिसली. मागच्या मडगार्डला मी पाडलेला पोचा आहे, चूक होणं शक्य नाही. वर तोआन. मागे हाडांची टोपली.

३ जानेवारी
आज मागे टोपली नव्हती. थुई होती.
हात हलवून म्हणाली, खोआदादा, अगदी तुझ्यासारखी सायकल आहे बघ. मी म्हणालो, माझी जास्त चांगली होती.

४ जानेवारी. सकाळी ७
तोआनला बदडायला गेलो. दुकानापुढे तेवीस माणसं. रांग मोडून पुढे घुसणं माझ्या रक्तात नाही, म्हणून शेवटी उभा राहिलो. नंबर येईपर्यंत राग गेला होता आणि भूक लागली होती. तोआन म्हणाला, ये रे खोआ, किती वाळलायस, तुला दोन तुकडे जास्त घालतो. खाल्लं. शत्रूचा अभ्यास करावा लागतो. रश्श्यात मीठ जरा जास्त. दुसऱ्या वाडग्यातही.

५ फेब्रुवारी
टेट उद्यावर आला. आज विचारलंच पाहिजे. डबा घेऊन थुईच्या घरी गेलो, तिच्यापुढे उघडला. तिने एक कुपन उचलून उलटसुलट पाहिलं. म्हणाली, दादा, एवढ्या कुपनांचं मी काय करू? म्हटलं, कापड घे. ती म्हणाली, सरकारी दुकानात एकच रंग येतो, तोही मातकट. मग डब्याचं झाकण लावून हळूच म्हणाली, दोन वर्षांत एकदा तरी रांगेच्या बाहेर मला काही विचारायचं होतंस.
घरी येताना रस्ताभर विचार केला. याचा अर्थ होकार. फक्त जागा चुकली होती. टेटनंतर तलावाकाठी विचारीन.

२० फेब्रुवारी
तलावाकाठी फार गार वारा. पुढच्या आठवड्यात.

१४ मार्च
रेशनच्या दुकानावर नोटीस. यापुढे तांदूळ खुल्या विक्रीला, कुपनाची गरज नाही. न्हान काकूने दहा वर्षं दुकानाच्या खिडकीतून अख्ख्या गल्लीला झापलं. आज ती बाहेर येऊन म्हणाली, या ना, आत या, कुठला तांदूळ दाखवू? लोक घाबरून दोन पावलं मागे सरले.
हे सगळं तात्पुरतं आहे. डबा पलंगाखाली ठेवलाय, उंदरांपासून जपून.

९ एप्रिल
विटा गायब. सातवी, आठवी, सगळ्या. अख्खी गल्ली धुंडाळली.

१० एप्रिल
सापडल्या. तोआनने दुकानात मोठी चूल बांधलीय. खडू अजून पुसलेला नाही. माझी वीट आणि थुईची वीट पातेल्याखाली शेजारी शेजारी. पातेल्यावर वाकलेली थुई, हातात पळी, अंगात लालभडक ब्लाउज. असा लाल कुपनावर मिळत नाही. आई म्हणाली, शरद ऋतूत लग्न आहे त्यांचं, सगळ्या गल्लीला माहीत आहे, तुला कोण सांगणार, तू विटांना लाथा घालतोस.
आईला सायकलचंही माहीत आहे. डिसेंबरपासून.

१५ एप्रिल
थुई घरी आली. म्हणाली, खोआदादा, गिऱ्हाईकं फार भांडतात, घुसाघुशी होते. रांग तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. येशील का? मी म्हणालो, विचार करून कळवतो. ती जिना उतरायच्या आत कळवलं.

१७ एप्रिल. पहाटे ५
कामावर रुजू. रोज पगार आणि दोन वाडगी. धोरण कोसळेपर्यंतच. कुपनं थुईला दिली, चूल पेटवायला बरी पडतात म्हणाली.
पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारबा. रांगेत वीट ठेवून घरी निघाले होते. वीट उचलून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आजोबा, आता हे चालत नाही. माणसाला स्वतः उभं राहावं लागतं.