राजाचा बाप्तिस्मा, बाबांची माळ

मनीषनगर, गुरुवार संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं, कारण बाबांना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तुळशीची माळ घातली आणि घरातलं मटण बंद झालं. आता मीही काटोलला येऊन घालावी, असा निरोप. ते ठरवायचं सोडून मी लिथुआनियाबद्दल वाचत बसलो! तिथल्या राजानं पोलंडची राणी आणि गादी मिळावी म्हणून बाप्तिस्मा घेतला. मग प्रजेला नदीत उतरवलं. म्हणतात, प्रत्येकाला पांढरा लोकरी सदरा आणि अख्ख्या घोळक्याला एकच नाव. सदरा उबदार असेल, पण कुणाला विचारलं असेल?

दुपारी आईला फोन केला. "तुले विचारलं होतं का वं बाबांनी?"

"मले काहून विचारतीन? मटणाचं भांडं देऊन टाक म्हणे, बस."

तिला तर सदराही मिळाला नाही. लगेच बाबांना कळवलं, मी माळ घालणार नाही.

आत्ता खाली बाबाच उभे आहेत, न सांगता आलेले. विचारून राहिले, "वर येऊ का गा?"